कंबरेच्या गादीचं ऑपरेशन झालं, आता ती परत सरकू नये म्हणून काय काय बघायचं

गादीचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या डिस्कचं, ऑपरेशन होतं, पायातली ती करंट मारल्यासारखी कळ जाते, डिस्चार्ज मिळतो, आणि घरी आल्या आल्या जो तो सांगायला लागतो की वाकू नको, बसू नको, आमच्या साळ्याचं परत झालं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपुरातच काम करतो, आणि नवीन पेशंटचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, सर परत तर नाही ना होणार? होऊ शकतं, पण बहुतेकांना होत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याच जागी गादी परत बाहेर येण्याचं प्रमाण साधारण १०० मागे ५ ते १५ असं येतं. आता तुम्ही त्या ५-१५ मध्ये जाणार की उरलेल्यांत, ते थोडं तुमच्या गादीवर ठरतं, थोडं ऑपरेशनच्या वेळी काय दिसलं त्यावर, आणि थोडं तुमच्या रोजच्या वागण्यावर. माझी तक्रार एवढीच आहे की लोक भितात चुकीच्या गोष्टीला. खाली पडलेला रुमाल उचलायला घाबरतात आणि तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेली) ठेवून स्कूटीवर बसून खड्ड्यांतून क्लिनिकला येतात.

हे सगळं मायक्रोडिसेक्टॉमी किंवा दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढलेल्यांसाठी लिहितोय. स्क्रू-रॉड टाकून फ्युजन (मणके एकमेकांना जोडणं) झालं असेल तर नियम वेगळे असतात, तुमच्या सर्जनचंच ऐका.

पायरी १: आधी फाईल नीट लावा

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय (फिल्म आणि सीडी दोन्ही), आणि ऑपरेशन नोट. ही तिसरी गोष्ट कोणी मागतच नाही. डिस्चार्ज कार्डवर बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं, पण ऑपरेशन नोटमध्ये सर्जनने आत काय पाहिलं ते असतं. मागितली की देतात, लाजायचं काय त्यात, तुमचाच कागद आहे.

त्यात बघायचं काय, तर एक म्हणजे लेव्हल (कुठल्या मणक्यांमधली गादी) आणि बाजू. कंबरेच्या बहुतेक केसेस एल-४ एल-५ किंवा एल-५ एस-१ ह्या खालच्या दोन गाद्यांच्याच असतात, त्यामुळे तुमच्याही कागदावर यातलंच काहीतरी असेल, डावीकडे की उजवीकडे तेही लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे गादी कशी बाहेर आली होती. नुसती फुगून आली होती की फाटून तुकडा बाहेर पडला होता, रिपोर्टमध्ये याला प्रोट्रूजन, एक्सट्रूजन, सिक्वेस्ट्रेशन असे शब्द असतात. इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं तुकडा सुटून पडला म्हणजे केस जास्त बेकार. परत होण्याच्या हिशोबाने पाहिलं तर नुसती फुगलेली, वरचं कव्हर तसंच असलेली गादी जास्त त्रास देणारी निघते, कारण सुटा तुकडा काढला की काम झालं, आणि फुगलेल्या गादीत सर्जनला कव्हर कापून आत जावं लागतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कव्हरला भोक केवढं आहे. अमेरिकेत यूजीन कॅरागी नावाच्या सर्जनच्या टीमने २००३ मध्ये हाच हिशोब मांडला होता. ज्यांच्या कव्हरला नुसती बारीक चीर होती त्यांच्यात परत होण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास, आणि ज्यांच्यात मोठं भगदाड होतं त्यांच्यात २७ टक्के. एवढा फरक! आणि त्यात पेशंटने किती वाकलं न वाकलं याचा संबंध नाही, भोक ऑपरेशनच्या टेबलावरच दिसलेलं असतं. साधारण ६ मिलिमीटरच्या वर रुंदी असेल तर सर्जन लोक त्याला मोठं भोक धरतात. म्हणून फॉलोअपला सरळ विचारा, डॉक्टरसाहेब, कव्हरचं भोक लहान होतं का मोठं? आठवत असेल किंवा नोटमध्ये असेल तर सांगतील.

पायरी २: आत नेमकं काय राहिलंय ते समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं गादी काढून टाकली. तसं नसतं. कळमन्याच्या बाजारात गोणीला भोक पडून धान्य बाहेर सांडतं ना, तर सर्जनने सांडलेलं धान्य उचललं, आजूबाजूचं सैल झालेलं थोडं काढलं, गोणी शिवलेली नाही. आतला गर बराचसा जागेवरच आहे आणि भोक पण आहे. हे भोक आपोआप भरतं, पण फार हळू आणि कच्चं, कारण गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यासारखाच असतो, तिला जे काही पोषण मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांच्या हाडातून झिरपून. पाठीवरच्या कातडीचे टाके दोन आठवड्यांत निघतात, त्यावरून आतलंही तेवढंच भरलं असं समजून लोक कामाला लागतात, तिथेच गडबड होते.

यातूनच अजून एक गोष्ट कळते. ज्यांच्या गादीची उंची अजून चांगली आहे, म्हणजे गर भरपूर शिल्लक आहे, आणि त्या लेव्हलला हालचालही जास्त आहे, त्यांच्यात परत व्हायचा धोका थोडा जास्त दिसतो. पार चपटी झालेली सुकलेली गादी असेल तर बाहेर यायला आत माल तरी पाहिजे. उलटं वाटतं ऐकायला पण तसंच आहे. वय, बाई की माणूस, यावर अभ्यासांचं एकमत नाही, त्यात डोकं घालू नका. बदलता न येणाऱ्या गोष्टी इथे संपल्या.

पायरी ३: आता स्वतःकडे बघा, खर्र्यापासून सुरुवात

२०१६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून एक मोठा हिशोब निघाला होता, त्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या. धूम्रपान, डायबिटीस, आणि वर सांगितलेली फुगलेली गादी. तिसरी आपल्या हातात नाही. पहिल्या दोन आहेत.

सिगारेट-बिडी का वाईट, तर निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, गादीला जे थेंब थेंब पोषण मिळतं ते पण कमी होतं, भोक भरायला अजून उशीर. शिवाय ओढणाऱ्याचा खोकला, दर ठसक्याला गादीवर दाब. अभ्यास बहुतेक सिगारेटचे आहेत हे खरं, पण आपल्या इकडे खरा प्रॉब्लेम खर्र्याचा आहे. नागपुरात पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारा माणूस मला छाती ठोकून सांगतो की मी तं सिगारेटला हातच लावत नाही सर. अरे भाऊ, तंबाखूच आहे ना ती, निकोटिन धुरातून गेलं काय अन् गालातून गेलं काय, रक्तातच जाऊन राहिलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमध्ये दोन-चार दिवस जे बंद राहिलं तेच पुढे चालू ठेवायचं, तेव्हा सोडणं सगळ्यात सोपं असतं, महिन्याने परत सुरू झाल्यावर नाही. तलब सहन होत नसेल तर डॉक्टरांशी बोला, सरकारी हॉस्पिटलांत तंबाखू सोडवायला मदत मिळते.

शुगरचं असं आहे की डायबिटीस असलेल्यांच्या गादीची क्वालिटीच थोडी कमजोर झालेली असते आणि जखमेत इन्फेक्शन व्हायची भीती वेगळी. त्यामुळे नुसती सकाळची उपाशीपोटीची शुगर बघून खुश होऊ नका, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करून घ्या. ज्यांना कधीच तपासली नाही त्यांनीही एकदा करा, ऑपरेशनच्या तपासणीतच पहिल्यांदा शुगर निघाली असे लोक कमी नाहीत.

वजनाबद्दल अभ्यासांत दोन्ही बाजूंचे निकाल आहेत, काहींत संबंध दिसतो, काहींत नाही. माझं मत विचाराल तर पोट पुढे असलेल्या माणसाला उचलताना सगळंच वजन अंगापासून लांब धरावं लागतं, म्हणून कमी केलेलं बरं, पण पहिल्या महिन्यात उपासतापास करू नका, जखम भरायला प्रोटीन लागतं. डाळ, अंडी, दही, जे चालत असेल ते खा.

पायरी ४: पहिले सहा आठवडे

पूर्वी महिना-दीड महिना पाठीवर पडून राहायला सांगायचे. आता बहुतेक सर्जन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. २०१७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात काही पेशंटना दोन आठवडे बंधनं ठेवली, काहींना सहा आठवडे, आणि परत गादी सरकण्यात फरक दिसला नाही. म्हणजे पडून राहणाऱ्याला बक्षीस मिळत नाही. पण याचा अर्थ तिसऱ्या आठवड्यात गोणी उचला असा पण नाही. तुमच्या सर्जनने दोन आठवडे सांगितले असोत की सहा, त्यांनी आत भोक पाहिलंय, त्यांचा आकडा पाळा.

सकाळचा पहिला तास सांभाळायचा. रात्रभर झोपल्यावर गादी पाणी ओढून फुगते, म्हणून तर माणूस सकाळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि अशा भरलेल्या गादीला वाकवलं की ताण जास्त. उठल्या उठल्या वाकून पोछा मारणं, बेसिनवर दुमडून तोंड धुणं, खाली बसून अंगणात सडा-रांगोळी, हे तासभर पुढे ढकला. चालायला मात्र हरकत नाही. उन्हाळ्यात नागपुरात ४५ पार जातं तेव्हा फिरायची वेळ सकाळीच असते, तर जा बिनधास्त, अंबाझरीला जा, सेमिनरी हिल्सला सपाट रस्त्याने जा, फक्त बूट खुर्चीवर बसून पाय वर घेऊन घाला, वाकून लेस बांधू नका. सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, मग हळूहळू वाढवत न्या. पायात कळ उतरायला लागली तर त्या दिवशी तेवढंच.

बेडवरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून उठा. सरळ पाठीवरून उठून बसायचं नाही. तखत अगदी खाली असेल किंवा जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर दोन महिने उंच पलंगावर झोपा. कडक फळीवरच झोपलं पाहिजे हा समज सोडून द्या, मध्यम घट्ट गादी चांगली.

संडास हा विषय कोणी मोकळेपणाने बोलत नाही पण खरी अडचण तिथेच आहे. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की दाब सरळ कंबरेवर. इंडियन टॉयलेट असेल तर त्याच्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकल-सर्जिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानेही देतात काही जण. पाणी भरपूर, रात्री इसबगोल, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून पोट साफ व्हायचं औषध. आणि सावजीचा झणझणीत रस्सा महिनाभर राहू द्या, आतडी आणि कंबर दोघांनाही आराम. शिंक किंवा खोकला आलाच तर कंबर वाकवून शिंकू नका, उभे राहून एक हात भिंतीला टेकवा, गुडघे जरा सैल, पोट हलकं आत घट्ट, मग शिंका.

बसणं थोडं थोडं. एका जागी २०-३० मिनिटांच्या वर नको, उठून दोन मिनिटं चक्कर मारा. खाली मांडी घालून पूजेला बसणं, पंगतीत बसणं, जमिनीवर बसून भाजी निवडणं, सध्या नाही. सोफ्यात रुतून मॅच बघणं तर सगळ्यात वाईट. कंबरपट्टा सर्जनने सांगितला असेल तर सांगितले तेवढेच दिवस. पट्टा लावल्याने परत होत नाही असा पक्का पुरावा नाही, आणि सहा-सहा महिने लावून फिरणाऱ्यांचे स्नायू आळशी होतात.

प्रवासात गचके लागू नयेत हे बघायचं. फॉलोअपला धंतोली-रामदासपेठेत यायचं असेल तर स्कूटीच्या मागे बसून किंवा ई-रिक्षात ठेचकाळत येण्यापेक्षा मेट्रो परवडली, स्टेशनला लिफ्ट आहे, गचके नाहीत, सीताबर्डीला लाईन बदलता येते. गाडीने आलात तर पुढच्या सीटवर, सीट थोडी मागे झुकवून. एसटीने गावाला जायची वेळ आली तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा. आणि ताडोब्याची सफारी बुक करून ठेवली असेल तर कॅन्सल करा, जिप्सीत उभं राहून वाघ बघायचा मोह पुढच्या सीझनला.

पायरी ५: उचलण्याचा हिशोब

१९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या एल-४ एल-५ गादीत प्रेशर मोजायचा सेन्सर घालून त्याला रोजची कामं करायला लावली होती. नुसतं उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. २० किलो वजन पाठ गोल करून वाकून उचललं तर २.३. गुडघे वाकवून उचललं तर १.७. तेच २० किलो उचलून झाल्यावर छातीशी धरून उभं राहिलं तर १.१, आणि हात लांब करून धरलं तर १.८. आता २० किलो म्हणजे किती, तर घरी येते ती पाण्याची कॅन. म्हणजे गुडघे वाकवल्याने फायदा आहे पण वजन गायब होत नाही, आणि अंगाशी धरणं हे निम्मं काम आहे जे कोणी सांगत नाही. आणि एका माणसाची मापं आहेत, तुमचा आकडा वेगळा असेल, पण चढउतार असाच.

भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो. तो तुम्ही उचलायचा नाही, फिरवायचा पण नाही, बस. डिलिव्हरीवाल्याला आतपर्यंत ठेवायला सांगा.

आणि आता नागपूरचं खास. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो. माझ्याकडे दरवर्षी मार्चअखेर ते मे कंबरेची जी लाट येते त्यात कूलरचा मोठा हात आहे. माळ्यावरून कूलर उतरवणं, स्टँडवर चढवणं, आणि मग दोन महिने रोज बालट्या भरभरून खिडकीतल्या कूलरमध्ये ओतणं. यात वाकणं आहे, वजन आहे, अंगापासून लांब धरणं आहे, आणि ओतताना कंबरेतून वळणं पण आहे. वाकून वळत उचलणं ही गादीसाठी सगळ्यात खराब हालचाल, सगळा ताण कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर येतो, आणि भोक तिथेच असतं. उपाय काही महाग नाही. नळाला पाईप लावून कूलर भरा, किंवा फ्लोट व्हॉल्व बसवून घ्या, नाहीच तर लहान मगाने भरा, वेळ लागू द्या. ऑपरेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की यंदा कूलर माझं काम नाही.

बायकांना हे सगळं सांगायला सोपं, घरात कोणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. कुरड्या-पापड खाली बसून घालणं, महालक्ष्म्यांच्या वेळी दिवसभर उभं राहून सोळा भाज्या, मोठे गंज (पातेली) उतरवणं, ओल्या कपड्यांची बालटी गच्चीवर नेणं. ओल्या कपड्यांचं वजन कोणी मोजत नाही पण ती बालटी १५ किलोला सहज जाते. दोन फेऱ्या करा, अर्धी अर्धी न्या, किंवा पोट्ट्यांना कामाला लावा. लहान लेकरू असेल तर ते जमिनीवरून उचलू नका, तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.

पायरी ६: व्यायाम, ज्याला लोक घाबरतात

व्यायामावरचे जे अभ्यास एकत्र तपासले गेले त्यात ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं लवकर कमी झालं, कामही लवकर जमायला लागलं, आणि व्यायामामुळे परत ऑपरेशनची वेळ जास्त आली असं दिसलं नाही. म्हणून घाबरून व्यायाम न करणं हे काही सुरक्षित राहणं नाही.

सुरुवात साध्याने. पाठीवर झोपून गुडघे वाकवून पोट आत घट्ट करणं, मग पूल (तसंच झोपून नितंब वर उचलणं), मग गुडघ्या-हातांवर येऊन एक हात आणि उलटा पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक. यात कंबर स्थिर राहते आणि आजूबाजूचे स्नायू काम करतात. मांड्या आणि नितंब मजबूत करणं विसरू नका, उचलायचं काम खरं तर त्यांचं आहे, ते कमजोर असले की कंबर ओव्हरटाईम करते. पायाची नस मोकळी करायचे हलके व्यायाम फिजिओ शिकवेल ते त्याच्यासमोर शिकून मगच घरी करा.

काय नाही करायचं: पाय सरळ ठेवून अंगठे धरणं, सरळ पायांनी सिटअप, यूट्यूब बघून पश्चिमोत्तानासन आणि हलासन. योगा वाईट नाही, ही आसनं ह्या काळात वाईट आहेत. जिम बंद करायची गरज नाही, पण डेडलिफ्ट-स्क्वॉट वजन लावून करायची घाई तीन-चार महिने तरी नको, आणि सुरू कराल तेव्हा कोणीतरी बघणारा असू द्या.

आणि हो, कंबरेत उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं, पहेलवानाकडून कडकड मोडून घेणं, हे ऑपरेशन झालेल्या कंबरेवर अजिबात नाही. आजी आग्रह करेल. तेल हलक्या हाताने लावू द्या तिला, तेवढं पुरे.

पायरी ७: कामावर परत कधी

ह्याचं एक उत्तर नाही, तुम्ही काय करता त्यावर आहे. मिहानमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा २ ते ४ आठवड्यांत जाऊ शकतो, त्याचा धोका बसून राहण्याचा आहे, मीटिंग उभ्याने घ्या, फोन आला की चाला. इतवारीत दुकानात जमिनीच्या गादीवर बसणाऱ्याला टेबल-खुर्ची लागेल, गिऱ्हाईक समजून घेतं. बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपनीत असाल तर फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं फिट असं नाही, किती किलोपर्यंत उचलायचं आणि किती आठवडे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर सुपरवायझर पहिल्याच दिवशी लाईनवर उभं करतो. हमाली, बांधकाम, शेतातलं काम असेल तर तीन महिने तरी धरून चाला, आणि परत गेल्यावर पण अर्ध्या वजनाने सुरुवात.

ड्रायव्हर लोकांचं वेगळं सांगायला पाहिजे. ट्रक, ट्रॅक्टर, ऑटो, यात सीटमधून जो थरथराट येतो तो सेकंदाला ४-६ वेळाच्या आसपास असला की बसलेल्या माणसाचा कणा त्याच तालात जास्त हलतो, आणि जड गाड्यांचा थरथराट बऱ्याचदा तिथेच असतो. त्यात तासन्‌तास एकाच पोझिशनमध्ये. समृद्धीने मुंबईला ७०१ किलोमीटर जायचं तर रस्ता गुळगुळीत आहे, गचके कमी, पण थांबायचं विसरतो माणूस. दर तासाला उतरा, चाला. आणि मुख्य म्हणजे, लांब बसून उतरल्या उतरल्या लगेच माल उतरवू नका. बसून बसून गादी आणि मागचे लिगामेंट सैल पडलेले असतात, पाच-दहा मिनिटं चाला, मग हात लावा.

पायरी ८: परत दुखलं तर, घाबरायचं कधी

बहुतेक वेळा ते परत सरकलेलं नसतं. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे जखमेची जागा दुखते, नस सुजलेली असते म्हणून मध्येच एखादी कळ उतरते, बधिरपणा तर महिनोन्‌महिने राहू शकतो, सगळ्यात उशिरा जाणारी गोष्ट तीच. थकल्यावर कंबर भरून येणं पण नॉर्मल.

शंका कधी घ्यायची: पाय पूर्ण बरा झाला होता, काही आठवडे-महिने चांगले गेले, आणि मग एक दिवस तीच जुनी कळ, त्याच वाटेने, नितंबातून पिंडरीपर्यंत, खोकल्यावर वाढणारी. परत होण्याच्या बऱ्याच केसेस पहिल्या वर्षात येतात. घरी करता येण्यासारखी साधी तपासणी अशी, टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं. टाचांवर चालताना पंजा खाली पडत असेल किंवा एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर नस कमजोर झालीय, लगेच दाखवा, आठवडा थांबू नका.

ताप, जखमेतून पाणी-पू, आणि दोन-तीन आठवड्यांनी कंबर कमी व्हायच्या ऐवजी रात्रंदिवस वाढत चाललीय, तर इन्फेक्शन असू शकतं. सीआरपी-ईएसआर या रक्ताच्या तपासण्या करायला सांगतील. हे गादी सरकण्यापेक्षा वेगळं आहे, व्यायामाने जाणार नाही.

आणि एक गोष्ट जी रात्री दोन वाजता झाली तरी सकाळची वाट बघायची नाही: लघवी अडकली किंवा कळतच नाही, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायात अचानक अशक्तपणा. सरळ कॅज्युअल्टी. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानचं एम्स, किंवा जिथे स्पाइन किंवा न्यूरोसर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत असं जवळचं हॉस्पिटल. तिथे पोचल्यावर आधी हेच सांगा की कंबरेचं ऑपरेशन झालेलं आहे आणि लघवी अडकली आहे, या दोन वाक्यांनी रांग बदलते.

एमआरआयबद्दल एक सूचना. थोडं दुखलं की स्वतःच्या मनाने करू नका. ऑपरेशननंतर सुरुवातीच्या काळात एकदम मस्त असलेल्या माणसाच्या फोटोतही गादी बाहेर आल्यासारखी दिसते, सूज आणि भरत असलेला टिश्यू असतो तो, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच झोप घालवून बसतो. खरंच गरज पडली तर डॉक्टर बहुतेक कॉन्ट्रास्टवाला एमआरआय सांगतील, गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन. त्यात जुन्या जखमेचा व्रण उजळतो आणि नवीन बाहेर आलेली गादी तशी उजळत नाही, त्यामुळे दोन्ही वेगळं ओळखता येतं. किडनीचा त्रास असेल तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. जुना एमआरआय सोबत न्या, रेडिओलॉजिस्टला तुलना करायला तोच लागतो.

पायरी ९: परत झालंच असेल तर

लगेच दुसरं ऑपरेशन असं नसतं. पायाची ताकद चांगली आहे, लघवीचा त्रास नाही, तर आधी गोळ्या, काही दिवस आराम, फिजिओ, गरज वाटल्यास नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन, याने बऱ्याच जणांचं निभावतं. बाहेर पडलेला तुकडा शरीर स्वतःही हळूहळू खाऊन टाकतं. शुगर असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस शुगर वाढते, आधीच सांगा.

ताकद जात असेल किंवा आठवडे गेले तरी कळ सोसवत नसेल तर दुसरं ऑपरेशन. बहुतेकांना परत तेच, तुकडा काढायचं, आणि त्याचे निकाल पहिल्याच्या जवळपास येतात. फक्त जुन्या व्रणामुळे नसेचं वरचं आवरण फाटायचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून असं काम नेहमी करणाऱ्या हाताकडे जा. पहिल्याच भेटीत स्क्रू टाकू असं कोणी म्हणालं तर काऊन ते विचारा. मणका पुढेमागे सरकत असेल, किंवा दोन-तीनदा परत झालं असेल, कंबरच मुख्य दुखत असेल, तर फ्युजनला अर्थ आहे, नाहीतर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. वाकून-सरळ होऊन काढलेले एक्सरे मणका हलतो का ते दाखवतात, ते झालेत का बघा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. मेडिक्लेम असेल तर पहिल्या ऑपरेशनची कागदं ते परत मागतातच, म्हणजे पायरी १ वाली फाईल.